श्वास आहे का, ते सर सांगतील

सरांनी आयुष्यात एकाही जखमी माणसाला हात लावला नव्हता. ही निंदा नाही. ते स्वतःच तसं सांगत, आणि सांगताना सफारीच्या खिशातला लाल पेन चाचपत. "हात लावणारे वेगळे, हात लावायला शिकवणारे वेगळे," असं त्यांचं म्हणणं होतं.

परभणीत स्टेशनच्या रस्त्यावर, टायरच्या दुकानाच्या वर त्यांचा क्लास होता. ॲम्ब्युलन्समध्ये मागच्या बाजूला पेशंटजवळ जो माणूस बसतो, त्याला प्रमाणपत्र लागतं. प्रमाणपत्राला परीक्षा लागते आणि परीक्षेला सर लागत. त्याच मजल्यावर आमच्या दैनिकाची जिल्हा कचेरी होती. मधली भिंत प्लायवूडची. त्यामुळे काही वर्षं मी बाजारभाव आणि पाणीटंचाई लिहीत असताना पलीकडे माणसं मरत आणि जिवंत होत. दोन्ही गोष्टी सरांच्या आवाजात होत.

क्लासमध्ये रबराचा एक पुतळा होता. डोकं, छाती, पोट आणि तिथंच संपला. पायांचा पुतळा महाग पडतो म्हणून सरांनी पाय घेतले नव्हते. सर त्याला 'पाव्हणे' म्हणत, म्हणून सगळेच म्हणत. परीक्षेची पद्धत अशी होती की विद्यार्थ्याने पुतळ्याशेजारी गुडघे टेकून प्रत्येक पायरी मोठ्याने बोलून दाखवायची, आणि तपासणीत काय आढळलं ते परीक्षकाने सांगायचं, कारण रबराला नाडी नसते. ही केवळ सोय होती. सरांनी त्या सोयीचं शास्त्र केलं होतं.

"जागा सुरक्षित आहे! हातमोजे घातले आहेत! पाव्हणे, पाव्हणे, ऐकू येतंय का?" पलीकडून विद्यार्थी ओरडे. मग मान वर करून सरांकडे बघे. "श्वास आहे का?"

"न्हाई," सर म्हणत.

"नाडी?"

"हाय, पण बारीक हाय."

एखादा नवा विद्यार्थी चुकून पुतळ्याच्या तोंडाजवळ कान नेई. सर कडाडत, "तिकडं कामून वाकलास? तो काय सांगणार हाय तुला? श्वास हाय का न्हाई ते मी सांगतो. इकडं बघ." थोड्याच दिवसांत सगळ्यांच्या माना आपोआप वर जायला लागत.

सरांचा दुसरा आवडता शब्द होता 'समजा'. समजा, पाव्हण्याचा पाय मोडलाय. समजा, तुम्ही पट्टी बांधली. समजा, रक्त थांबलं. त्या क्लासमध्ये या एका शब्दाने जितकं रक्त थांबलं तितकं जिल्ह्यातल्या कुठल्याही दवाखान्यात थांबलं नसेल.

जिन्याच्या तोंडाशी क्लासचा बोर्ड होता. त्यावरचं वरचं नाव तीनदा बदललेलं मला माहीत आहे. आधी तिथं टायपिंग होतं, मग संगणक आला, मग आपत्कालीन वैद्यकीय सेवा. खालची 'शंभर टक्के निकाल' ही ओळ मात्र टायपिंगच्या काळातली होती. तिच्यावर रंगाऱ्याने कधी ब्रश फिरवला नाही. ती ओळ सरांची इज्जत होती. लग्नाच्या पंगतीत कुणी ओळख करून देताना "हे क्लास चालवतात" एवढंच म्हणालं, तर सर हातातला घास खाली ठेवून "शंभर टक्के" एवढं जोडत आणि मग घास उचलत.

हा निकाल कसा लागे, तेही त्यांनी लपवलं नाही. परीक्षा जवळ आली की कच्च्या विद्यार्थ्याला बाजूला घेऊन ते प्रेमाने सांगत, "तू पुढच्या खेपेला बस. तुझ्यात गुण हायेत, जरा मुरू दे." एक जण इतक्या वेळा मुरत ठेवला गेला की त्याने शेवटी खाली टायरच्या दुकानात काम धरलं. सर जिना उतरताना त्याची विचारपूस करत. तो नापास झाला नव्हता, याचं दोघांनाही समाधान होतं.

मी एकदा त्यांना विचारलं होतं. प्रशिक्षणाचा आणि परीक्षेतल्या यशाचा संबंध काय, यावर मला चार ओळी छापायच्या होत्या.

"संबंध?" सर म्हणाले. "साहेब, प्रशिक्षण परीक्षेसाठीच असतंय. अपघात रोज होतात, परीक्षा सहा महिन्यांनी येते. कशाची जास्त काळजी घ्यावी, तुमीच सांगा."

"आणि पेशंट?"

"पेशंटला दुसरा दवाखाना मिळतो."

अनुभवी विद्यार्थ्यांची त्यांना धास्ती होती. पूर्ण्याचा एक जण काही वर्षं ॲम्ब्युलन्सवर राबलेला होता, आता कागद लागतो म्हणून क्लासला आला होता. सराव परीक्षेत तो पुतळ्याजवळ बसला, गुपचूप डोकं मागे केलं, तोंडात बोट घालून बघितलं आणि छाती दाबायला लागला. एक शब्द बोलला नाही. सरांनी त्याला शून्य दिलं.

"सर, पण मी समदं केलं की," तो म्हणाला.

"केलंस, पण म्हणालास का? परीक्षकाला काय स्वप्न पडायलंय?" तो गेल्यावर सर माझ्या टेबलाशी येऊन खंत बोलून गेले. "अनुभवी माणूस लय अवघड साहेब. त्याला शिकवायच्या आधी विसरवावं लागतं."

विसरवण्याचं काम ते चोख करत, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. एका दुपारी टायरच्या दुकानासमोर एका माणसाची स्कूटी घसरली. आम्ही सगळे गॅलरीत आलो. सर हातात चहाचा कप घेऊन बघत होते. दुकानातल्या दोघांनी त्या माणसाला बगलेत धरून उठवलं.

"मान धरली न्हाई. दोन मार्क गेले," सर म्हणाले. "हातमोजे न्हाईत. आणखी एक."

दोन विद्यार्थ्यांना राहवलं नाही, ते खाली धावले. त्यातल्या एकाने रस्त्याच्या मधोमध उभं राहून जागा सुरक्षित असल्याचं जाहीर केलं. एक ऑटो त्याच्या कोपराला घासून गेला. दुसरा जखमी माणसाजवळ गुडघे टेकून बसला, आणि आमच्या देखत त्याची मान वर, गॅलरीकडे गेली.

"श्वास आहे का?"

"हाय!" सर वरून म्हणाले.

ज्याचा श्वास आहे असं ठरलं, तो माणूस तोवर आपल्या स्कूटीच्या फुटलेल्या आरशावरून महापालिकेला शिव्या देत होता.

संगीता या क्लासमध्ये आली ती सोनपेठहून. नवरा गॅरेजवर कामाला, एक लहान मुलगी. पाथरीच्या एका खासगी दवाखान्याने तिला ॲम्ब्युलन्सवर घ्यायचं कबूल केलं होतं, अट एकच, प्रमाणपत्र आणा. घरची अटही एकच होती आणि ती सासूची होती. संगीताने ती आमच्या कचेरीत पाणी प्यायला आली असताना हसत हसत सांगितली. "सासूबाई म्हणल्या, पास झालीस तर लेकरू मी सांभाळते, तू कामाला जा. नापास झालीस तर लेकरू तू सांभाळ, वर मला बी सांभाळ. दुसऱ्यांदा बसायचं नाव काढायचं न्हाई."

ती हुशार होती असं म्हणता येणार नाही. पायऱ्या तिच्या लक्षात राहत नसत. तिसरी आधी येई, पहिली राहून जाई. प्लायवूडमधून रोज ऐकू येई:

"मेलीस! जागा सुरक्षित म्हणलीस का? न्हाई. खाली करंट होता. पाव्हणा मेला, तू बी मेलीस. आता तुमाला दोघांना न्यायला कोण येणार हाय?"

"चुकलं सर."

"मेलेल्या माणसानं 'चुकलं' म्हणू नये. पहिल्यापासून."

सरांनी तिच्यासाठी नेहमीचा उपाय ठरवला होता. एके दिवशी त्यांनी तिला बाजूला घेतलं, तिच्यात गुण असल्याचं सांगितलं आणि मुरण्याचा विषय काढला.

"पर सर, मी परीक्षेचा फॉर्म भरला की," संगीता म्हणाली. "सोनपेठात ऑनलाइनवाल्याकडून. पावती बी आलीय."

मग सर माझ्याकडे आले, न विचारता खुर्चीत बसले आणि म्हणाले, "बोर्डावरच्या ओळीचं काही खरं न्हाई साहेब." त्या दिवसापासून संगीताचं पास होणं ही दोन माणसांची गरज झाली. तिला कामावर जायचं होतं. सरांना खालच्या ओळीवर रंग लावायचा नव्हता.

त्यातच परीक्षेची पद्धत बदलली. परीक्षा घेणाऱ्या मंडळाने कळवलं की छाती दाबण्याची परीक्षा पुतळ्यावरच राहील, पण जखमी माणसाची तपासणी आता जिवंत माणसावर होईल. परीक्षक त्या माणसाच्या कानात दुखापत सांगतील, तो तसा विव्हळेल, आणि विद्यार्थ्याने दुखापत स्वतः शोधून काढायची. परीक्षक काही बोलणार नाहीत.

दुसऱ्या एखाद्या शिक्षकाने यावर विद्यार्थ्यांना तपासायला शिकवलं असतं. सरांनी त्यापेक्षा सोपा मार्ग शोधला. त्यांनी पेशंटला शिकवायचं ठरवलं.

परीक्षा केंद्राला पेशंट म्हणून स्थानिक माणूस हवाच होता. सरांनी सहकार्याची तयारी दाखवली आणि निवृत्त एसटी कंडक्टर असलेले एक काका पुरवले. काका तरुणपणी गणपतीच्या नाटकांत दुर्योधन करत. मांडी फुटल्यावर त्यांच्याइतकं कुणी विव्हळत नसे, अशी त्यांची ख्याती होती. क्लासमध्ये महिनाभर त्यांच्या तालमी चालल्या. सरांनी खुणा ठरवल्या. उजव्या पायाचा अंगठा हलला तर पाय मोडलाय. डाव्या पायाचा हलला तर हात. दोन्ही पाय हलले तर पाठीचा मणका. विद्यार्थ्याने आल्याबरोबर अंगठे बघायचे, बाकी सगळं दिखाऊ.

मला हे सगळं ऐकू येत होतं, आणि सरांनाही ते माहीत होतं. "छापू नका," एवढंच ते म्हणाले. "छापलं तर बाकीचे क्लासवाले बी हेच करतील."

काकांना शुगर होती. ही गोष्ट गुप्त नव्हती. ते तालमीत मधेच उठून बसत आणि खिशातून गुळाचा खडा काढून तोंडात टाकत. "मधी मधी खावं लागतं बाबा, न्हाई तर गाडी बंद पडती," ते सगळ्यांना सांगत. सगळे हसत. संगीताही हसे. शेवटच्या तालमीत मात्र गोंधळ झाला. काका बेशुद्ध पडलेले होते, श्वास मंद चालला होता, आणि एक विद्यार्थी त्यांच्यावर वाकला असताना त्यांना ढेकर आली. ढेकर दणदणीत होती, मी तिची साक्ष देऊ शकतो.

"बेशुद्ध माणूस ढेकर देतो का?" सर ओरडले. "समोर परीक्षक असता म्हणजे? उद्या काही खाऊ नका. परीक्षा होईस्तोवर पोटात अन्नाचा कण नको. गूळ बी नको."

"मालकाचा हुकूम," काका म्हणाले.

परीक्षा एका कॉलेजच्या सभागृहात होती. सरांनी मला फोटोसाठी बोलावलं होतं, म्हणून मी खिडकीबाहेर त्यांच्या शेजारी उभा होतो. आत सतरंजीवर काका, खुर्चीवर बाहेरगावचे परीक्षक, त्यांच्या हातात गुणांचा तक्ता लावलेली फळी आणि स्टुलावर चहा. काका उपाशी होते. पण सकाळची शुगरची गोळी त्यांनी नेमाने घेतली होती, कारण गोळीबद्दल सर काही बोलले नव्हते.

विद्यार्थी एकेक करून आत गेले, अंगठे बघितले, दुखापत ओळखली. सर प्रत्येकाला लाल पेनाने हवेत बरोबरची खूण करत. संगीताचा क्रम त्यांनी खटपट करून शेवटचा लावून घेतला होता, तोवर काका सरावतील म्हणून. तिच्या आधीचा मुलगा बाहेर आला तो खूष होऊन.

"सर, काका आज लय भारी ॲक्टिंग करायलेत. घाम बी काढलाय!"

"महिनाभर घासलंय त्यांना," सर म्हणाले.

संगीता आत गेली. परीक्षक काकांच्या कानात पुटपुटले आणि खुर्चीत बसले. संगीताने जागा सुरक्षित असल्याचं सांगितलं. पहिली पायरी पहिल्यांदा आली, हे बघून सरांनी खिडकीचा गज घट्ट धरला. मग तिने अंगठे बघितले. दोन्ही पाय हलत होते. नुसते हलत नव्हते, थरथरत होते.

"मणका," सर माझ्या कानाशी म्हणाले. "मणका हाय. धर म्हणावं डोकं."

संगीताचे हातही थांबले आणि तोंडही. मणक्याची पहिली ओळ तिला आठवत नव्हती. सर खिडकीबाहेर पाठ फिरवून स्वतःच्या मणक्यावर पेन आपटू लागले. तिने त्यांच्याकडे बघितलं, परीक्षकांकडे बघितलं. परीक्षक नियमाप्रमाणे गप्प होते. पुढची ओळ नाही, वर बघून उत्तर नाही. मग करण्यासारखं काही उरलं नाही म्हणून तिने काकांच्या तोंडाकडे बघितलं. मला वाटतं, त्या सकाळी त्या तोंडाकडे बघणारी ती पहिलीच.

"काका?" ती म्हणाली. "ओ काका, काय व्हायलंय?"

"मानवत," काका म्हणाले. "मानवतवाले उतरा. चला, पुढं सरका. तिकीट झालं का बाई?"

परीक्षकांना अभिनय आवडला असावा. त्यांनी फळीवर काहीतरी टिपलं.

संगीताने काकांच्या कपाळाला हात लावला आणि लगेच काढला. हात ओला झाला होता. "अगं बाई, गार पडलेत," ती म्हणाली, आणि मग मोठ्याने, "शुगर! काकाला शुगर हाय! सकाळधरनं उपाशी हायेत हे!"

"मॅडम, केस वेगळी आहे," परीक्षक म्हणाले. "तुमची वेळ चालू आहे."

"केस गेली खड्ड्यात," संगीता म्हणाली. तिने स्टुलावरचा परीक्षकांचा चहा उचलला, काकांचं डोकं मांडीवर घेतलं. "काका, गिळता येतंय का? बघा बरं. जरा जरा घ्या. गिळा. हां, आणखी एक घोट."

परीक्षक उठले. "अहो, तो माझा चहा..." ते म्हणाले आणि थांबले, कारण आता त्यांनीही काकांचं तोंड बघितलं होतं.

खिडकीबाहेर सर पाठीवर पेन आपटायचे थांबले होते. ते हळूच म्हणाले, "चहाला मार्क न्हाईत. अगं, चहाला मार्क न्हाईत."

थोड्या वेळाने काका उठून बसले. कुणीतरी बिस्किटं आणली. काकांनी आजूबाजूला बघितलं, दुर्योधनासारखा एक सुस्कारा टाकला आणि विचारलं, "आपण परभणीतच हाव ना?"

वेळ संपली होती. संगीताच्या तक्त्यावर पहिली पायरी सोडून सगळं कोरं होतं. परीक्षकांनी काकांच्या कानात सांगितलेली दुखापत होती उजवा पाय. म्हणजे तिने सरांचं ऐकून मणका धरला असता तरी ती नापासच होती. हे मी सरांना सांगितलं, पण त्यांचं लक्ष नव्हतं. ते आत निघाले होते.

मला वाटलं, ते काकांकडे चालले. ते काकांना वळसा घालून परीक्षकांकडे गेले.

"साहेब," सर शुद्ध भाषेत म्हणाले, "नियम असा आहे की परीक्षेच्या साहित्यात बिघाड झाला, तर विद्यार्थ्याला पुन्हा संधी मिळते. पुतळा फाटला, पंप अडकला, तर मिळते ना?"

"मिळते. पण इथे साहित्य कुठे बिघडलं?"

सरांनी पेनाने काकांकडे खूण केली. काका बिस्किट बुडवत होते.

"तो माणूस आहे," परीक्षक म्हणाले.

"माणूस बाहेर, साहेब. इथे सतरंजीवर तो साहित्य आहे. मंडळाच्या यादीत पुतळ्याखाली दुसरा क्रमांक त्याचाच आहे. आता तुम्ही तो आजारी पडला असं लिहिलं, तर मंडळ विचारणार, तुम्ही खुर्चीत बसून काय बघत होता? नादुरुस्त लिहिलं तर कोणी काही विचारत नाही."

परीक्षकांनी रिकाम्या कपाकडे बघितलं. नुकतेच त्यांनी अभिनयाला दिलेले गुण फळीवर तसेच होते. सर गप्प उभे राहिले. समोरच्याची मान कधी वर जाते याची वाट बघण्याची त्यांना सवय होती. परीक्षकांनी मान वर केली.

"त्यांची हरकत नसेल तर," ते म्हणाले.

सर काकांजवळ उकिडवे बसले. "काका, तुमी नादुरुस्त झालता असं साहेब लिहितेत. तेवढी मान्यता द्या."

"माणूस नादुरुस्त कसा होईल?" काका म्हणाले. "माणूस आजारी होतो. नादुरुस्त गाडी होती."

"आजारी लिहिलं तर ही पोरगी नापास."

काकांनी संगीताकडे बघितलं. ती भिंतीशी उभी होती, पदराच्या टोकाने हातावरचा चहा पुसत. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते काकांसाठी नव्हतं. ती सासूला काय सांगायचं याची जुळणी करत असावी.

"बरं, लिवा," काका म्हणाले. "लिवा ब्रेकडाऊन. ती नसती तर आज भंगारातच निघालो असतो. पर सर, एक सांगा. उपाशी मला कुणी ठिवलतं?"

"ते यात येत न्हाई," सर म्हणाले.

केंद्राचा पुतळा पलीकडच्या खोलीत छाती दाबण्याच्या परीक्षेत अडकला होता, तेव्हा पर्यायी साहित्य म्हणून सरांच्या क्लासमधला पुतळा आला. दोन विद्यार्थ्यांनी त्याला रिक्षात मधे बसवून आणलं. परीक्षकांनी त्याला सतरंजीवर ठेवलं आणि मग त्यांच्या लक्षात आलं की दुखापत उजव्या पायाची आहे आणि याला पाय नाहीत.

ते बराच वेळ पुतळ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "समजा."

सरांचा चेहरा उजळला. मी त्यांना इतकं आनंदी कधी पाहिलं नव्हतं.

संगीताने जागा सुरक्षित असल्याचं सांगितलं. हातमोजे सांगितले. नसलेल्या पायाची बोटं गरम आहेत का ते विचारलं, नसलेल्या घोट्याजवळ नाडी विचारली, नसलेल्या पायाच्या दोन्ही बाजूंना फळ्या धरून हवेत पट्टी बांधली. एक पायरी चुकली, तेवढी चालते. जिवंत माणसावर ती नापास झाली होती. अर्ध्या रबरावर ती पास झाली.

निकाल शंभर टक्के लागला. सरांनी पेढे वाटले. आमच्या कचेरीतही पुडा आला. काकांना पेढा देताना मात्र सर म्हणाले, "तुमाला चालत न्हाई ना," आणि पुडा पुढे नेला.

या घटनेपासून सर काहीच शिकले नाहीत असं म्हणणं अन्यायाचं होईल. पुढच्या बॅचपासून त्यांनी एक नवी पायरी घातली. जागा सुरक्षित आहे, हातमोजे घातले आहेत, आणि मग पेशंटला विचारायचं, जेवलात का. भाजलेला असो, बुडालेला असो, विंचू चावलेला असो. प्लायवूडमधून रोज ऐकू येऊ लागलं:

"पाव्हणे, पाव्हणे, जेवलात का?"

"जेवलो," सर म्हणत, आणि विद्यार्थी पुढच्या पायरीला लागे.

संगीता पाथरीच्या ॲम्ब्युलन्सवर लागली. मुलगी सासू सांभाळते आणि त्याबद्दल रोज बोलते. वर्षभराने ती एका पेशंटला परभणीला सोडून परत जाताना कचेरीत येऊन गेली. क्लासची खबर विचारली. मी तिला नवी पायरी सांगितली तेव्हा ती हसायला लागली.

"तो प्रश्न मी बी विचारते की! काकाच्या दिवसापासनं सवयच लागली. परवा पाथरीच्या बाहेर एक मोटारसायकलवाला पडलता. डोळे मिटून गप. मी त्याच्या तोंडाशी वाकले आन विचारलं, भाऊ, जेवलात का? त्यानं पटदिशी डोळे उघडले. म्हणला, न्हाई ओ ताई, कालपासनं न्हाई."

ती गेल्यावर मी पलीकडे जाऊन ही गोष्ट सरांना सांगितली. वर्ग भरलेला होता. पुतळा मधे पडला होता, एक विद्यार्थी त्याच्याजवळ गुडघ्यावर बसून वर बघत होता.

"बघा," सर वर्गाला म्हणाले, "कुठं कामी येतंय ते." मग माझ्याकडे वळले. "जेवलो म्हणला ना?"

"नाही. जेवलो नाही म्हणाला."

सरांनी पुतळ्याकडे बघितलं. पेन खिशातून काढला आणि परत ठेवला.

"मग?" खाली बसलेल्या विद्यार्थ्याने विचारलं. "त्याच्या पुढं काय करायचं असतंय सर?"

सरांना ते माहीत नव्हतं. त्यांचा पाव्हणा आजवर कधी उपाशी निघालाच नव्हता.